वर्षातून एकदा पैसा येणाऱ्या घरानं शेअरमध्ये लांबची गुंतवणूक कशी करावी?

धुरा_घाटंजी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी.

घाटंजी तालुक्यात आमचं नऊ एकर कोरडवाहू वावर आहे. कापूस, त्यात तूर, वरच्या तुकड्यात सोयाबीन. घरात आई-बाबा, बायको आणि आठवीतली मुलगी. गेली काही वर्षं मी थोडे थोडे पैसे शेअर बाजारात टाकतो आहे. एक निफ्टीचा इंडेक्स फंड (निर्देशांकातल्या सगळ्या कंपन्यांत थोडे थोडे पैसे लावणारा) आणि ज्यांचा धंदा मला समजतो अशा चार-पाच कंपन्या. मुलगी मोठी होईपर्यंत हात लावायचा नाही, असं ठरवलं आहे.

अडचण अशी की या विषयावर जे काही वाचायला मिळतं ते पगारदार माणसाला धरून लिहिलेलं असतं. एक तारखेला पगार, पाच तारखेला एसआयपी. आमच्याकडे ती एक तारीख येतच नाही. पैसा येतो दिवाळी ते होळी. कापूस वेच्यावेच्यानं विकला जातो, फेब्रुवारीत तूर. मे-जूनमध्ये बियाणं, खत, डवरणी-निंदणाची मजुरी यात तो निघून जातो आणि पोळ्यापर्यंत घर उधारीवर चालतं. दर जूनमध्ये मोबाइलमधला तो आकडा दिसतो आणि वाटतं, सावकाराकडे कायले जायचं, हेच विकू.

दुसरं म्हणजे बाबा. शेजारचा दोन एकराचा तुकडा विक्रीला निघणार आहे. ते म्हणतात, कागदावरचं मोड आणि वावर घे, पोरीच्या कामी येईल. पण माझ्या आजोबांकडे चाळीस एकर होतं, वाटण्या होत होत माझ्याकडे नऊ आलं. मला मुलीच्या हातात असं काहीतरी द्यायचं आहे जे पावसाकडे बघत बसणार नाही.

तर विचारायचं असं की वर्षातून एकदा पैसा येणाऱ्या घरानं हे कसं बसवावं? आणि मधल्या काळात मोडायची वेळ येऊ नये म्हणून तुम्ही काय करता?

सातबारा_दारव्हा

वावर घ्या भाऊ. सातबाऱ्यावर नाव चढलं की ते रात्रीतून अर्धं होत नाही.

पानठेला_आर्णी

अन् २०१७ ची बोंडअळी? तवा तं उभी पराटी रात्रीतून अर्धी झालती नं भाऊ.

सातबारा_दारव्हा

पीक गेलं, वावर राहिलं. मी वावराबद्दल बोलतो आहे.

निवृत्त_पुसद

माझी नोकरी पीक कर्जाच्या टेबलावर गेली, म्हणून त्या बाजूनं सांगतो.

शेतकऱ्याची पहिली गुंतवणूक म्हणजे पीक कर्ज मुदतीत भरणं. तीन लाखांपर्यंतचं कर्ज वेळेत फेडलं तर केंद्राची व्याज सवलत आणि राज्याची डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत मिळून व्याज शून्यावर येतं. मुदत चुकली की दोन्ही सवलती जातात, खातं थकीत होतं, पुढच्या हंगामाचं कर्ज अडतं, आणि मग माणूस जातो तो शेकडा तीन रुपये महिन्यानं देणाऱ्याकडे. शेकडा तीन महिना म्हणजे वर्षाला छत्तीस. एवढा परतावा तुम्हाला कोणताही शेअर खात्रीनं देणार नाही. म्हणजे ज्याच्या डोक्यावर सावकाराचं देणं आहे त्यानं शेअर घेणं हे उलटं गणित आहे, आणि ते करणारी चांगली शिकलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावीन. कापसाचा पैसा आला की आधी सोसायटीचं किंवा बँकेचं कर्ज. मग येत्या जूनचा पेरणीखर्च आणि पोळ्यापर्यंतचं घर, हे पैसे वेगळे काढून बाजूला. त्यातून जे उरेल तेवढाच लांबचा पैसा. एखाद्या वर्षी काहीच उरणार नाही. त्या वर्षी काही टाकू नका. हप्ता चुकला म्हणून पंधरा वर्षांचा प्रवास मोडत नाही, पण जूनचे पैसे शेअरमध्ये अडकवले तर तो नक्की मोडतो. तुम्हाला दर जूनमध्ये विकावंसं वाटतं याचं कारण तुमचं मन कच्चं आहे असं मी मानत नाही. जूनचे पैसे त्यात मिसळलेले आहेत, म्हणून तसं वाटतं.

मृग_वरुड

पुसदच्या काकांशी पूर्ण सहमत. आता "बाजूला काढून" म्हणजे कुठे, ते मी सांगते.

आमची संत्र्याची बाग आहे. व्यापारी बाग उक्ती घेतो, त्यामुळे सौदा झाला की मोठी रक्कम एकदम हातात. आंबिया बहार असेल तर दिवाळीच्या आगेमागे, मृग असेल तर उन्हाळ्याच्या तोंडावर. बचत खात्यात ठेवली तर ती दिसत राहते आणि खर्च होते. सगळी एकदम शेअरमध्ये टाकायला धीर होत नाही.

आम्ही ती रक्कम लिक्विड फंडात, म्हणजे थोड्या काळासाठी पैसे ठेवायच्या, कमी चढउताराच्या फंडात ठेवतो. तिथून दर महिन्याला ठरलेला हिस्सा त्याच फंड घराण्याच्या इंडेक्स फंडात आपोआप जातो. याला एसटीपी म्हणतात. दोन्ही फंड एकाच घराण्याचे असावे लागतात, एवढं पाहून घ्या. लिक्विड फंडातून पहिल्या सात दिवसांत काढलं तर थोडा आकार कापतात, नंतर काही नाही, आणि पैसे साधारण पुढच्या कामाच्या दिवशी खात्यात येतात. पेरणीचे पैसेही आम्ही लिक्विड फंडातच ठेवतो, पण वेगळ्या फोलिओत (फंडातल्या वेगळ्या खात्यात), म्हणजे सरमिसळ होत नाही.

आणि महिन्याला नाही जमलं तर वर्षातून दोनदा टाका. वीस वर्षांच्या हिशेबात महिन्याचं आणि वर्षाचं अंतर फार मोठं निघत नाही. किती टाकलं आणि मध्ये काढलं का, यावरच बहुतेक ठरतं.

वर्षा_दर्यापूर

दादा, तुम्ही बाबांचं म्हणणं लिहिलं, मुलीचा विचार लिहिला. वहिनींना काय वाटतं? त्यांना या फंडाचं नाव, खातं, पासवर्ड माहीत आहे का?

धुरा_घाटंजी

ताई, तिला रक्कम माहीत आहे. बाकीचं नाही. आज संध्याकाळी बसतो.

खानदेशी_मलकापूर

इथून फार लांब नसलेल्या एका गावाची गोष्ट सांगतो. जळगाव जिल्ह्यातलं अमळनेर. १९४५ मध्ये तिथं शेंगदाण्याच्या तेलापासून वनस्पती तूप बनवणारी कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. गावातल्या साध्या माणसांकडे, व्यापाऱ्यांकडे, शेतकऱ्यांकडे तिचे शेअर गेले. १९६६ मध्ये वडील वारल्यावर एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी शिक्षण सोडून आले, आणि पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. तूप, साबण, मग संगणक. ज्या घरांनी तो कागद विकला नाही, बोनस येत गेले ते पेटीत ठेवले, त्या घरांची पुढची पिढी वेगळ्याच ठिकाणी पोचली. माझ्या मावशीच्या सासरी हे नाव अजून आदरानं घेतलं जातं.

म्हणून मी म्हणतो, लांबचं ठेवायचं तर गावातला माणूसही ठेवू शकतो. त्यासाठी मुंबईत राहावं लागत नाही.

आकडेमोड_अकोला

मलकापूरचे भाऊ, गोष्ट खरी आहे आणि मला आवडते. पण तिच्या शेजारी आपल्या विदर्भातल्या दोन गोष्टी ठेवल्याशिवाय ती पूर्ण होत नाही.

पहिली नागपूरची एम्प्रेस मिल. जमशेटजी टाटांनी कापसाचा मुलूख म्हणून नागपूर निवडलं, १ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. कित्येक दशकं ती नावाजलेली कंपनी होती. आज त्या जागी मॉल आहे. दुसरी बल्लारपूरची कागद कंपनी. १९८६ मध्ये सेन्सेक्स सुरू झाला तेव्हा पहिल्या तीस नावांत बल्लारपूर इंडस्ट्रीज होती. देशातल्या सर्वांत मोठ्या कागद कंपन्यांपैकी एक, आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातली. २०२० मध्ये ती दिवाळखोरी प्रक्रियेत गेली. "विकायचंच नाही" म्हणून ज्यांनी तो शेअर पेटीत ठेवला त्यांचा निश्चय अमळनेरकरांपेक्षा कमी नव्हता. आपल्या कानावर मात्र अमळनेरच येतं, कारण बुडालेल्या शेअरची गोष्ट कोणी लग्नकार्यात सांगत नाही.

त्याच यादीत प्रीमियर ऑटोमोबाइल्स होती, हिंदुस्तान मोटर्स होती. सेन्सेक्समधून ही नावं गळत गेली आणि नवी आली. एका कंपनीवर आयुष्य लावणं आणि निर्देशांकावर लावणं यात हा फरक आहे. निर्देशांकातून दुबळी कंपनी काढायचं काम आपल्याला करावं लागत नाही.

पण निर्देशांकसुद्धा दरवर्षी वाढतोच असं कोणी सांगत असेल तर हे आकडे पाहा. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स साडेचार हजारांच्या जवळ होता. एप्रिल २००३ मध्ये तो तीन हजारांच्या खाली होता. अकरा वर्षं. जानेवारी २००८ मध्ये एकवीस हजारांवर गेला, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आठ हजारांच्या खाली उतरला. नोव्हेंबर २०१० मध्ये पुन्हा एकवीस हजारांना टेकला, पण त्याच्यावर टिकायला २०१४ उजाडलं. जपानचा निक्केई डिसेंबर १९८९ ची उंची ओलांडायला फेब्रुवारी २०२४ पर्यंत थांबला.

मी स्वतः गुंतवणूक करतो आणि करत राहणार. फक्त "पंधरा वर्षांनी हमखास" हा शब्द मला सहन होत नाही. हमखास हवं असेल त्यानं पीपीएफ घ्यावं, ७.१ टक्के.

पानठेला_आर्णी

आकडेमोड भाऊ, लग्नात तं कोनी बुडाल्याचं सांगत नाई, पन आमच्या ठेल्यावर सांगते. रोज सांगते.

गावातले पोरं सकाळी नवाले ठेल्यावर येते, सव्वानवाले मोबाइल काढते, अन् साडेतीनपर्यंत मान वर करत नाई. कंपनीचं नाव इचारलं तं सांगता येत नाई, कॉल का पुट एवढंच. एकानं बापानं कापूस इकून आनलेले पैसे घातले. बापाले वाटे पोरगं शेअरमधी पैसे ठेवते. आता गावात शेअर म्हनलं का लोक हात जोडते. धुरा भाऊ, तुमच्या बाबाले जे भेव वाटते नं, ते असं कोनाचं तरी पाहून वाटत असन. त्यायले दोन्हीतला फरक बसून सांगा.

आकडेमोड_अकोला

आर्णीकर फार महत्त्वाचं बोलले. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ मध्ये अहवाल दिला: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये (हेच ते कॉल-पुटचे, पुढच्या भावावर लावलेले सौदे) उतरलेल्या व्यक्तींपैकी ९३ टक्के तोट्यात, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. शंभरातले सात सोडून सगळे. हा आकडा प्रत्येक पानठेल्यावर लिहून लावावा असं मला मनापासून वाटतं.

पानठेला_आर्णी

लावतो. चुन्याच्या डब्यावरच लावतो, सगळ्यायले दिसन.

अडत_हिंगणघाट

मी बाजार समितीत बसतो. लांबचं धरून ठेवणं हा शब्द आमच्याकडे कापसाबद्दल रोज ऐकू येतो, म्हणून थोडं लिहितो.

२०२१-२२ च्या हंगामात कापूस बारा हजारांच्या वर गेला. पुढच्या हंगामात लोकांनी तोच भाव डोक्यात धरून कापूस घरात भरून ठेवला. माडीवर कापूस, झोपायच्या खोलीत कापूस, लेकरांच्या अंगाला खाज. भाव सात-आठ हजारांच्या आसपास फिरत राहिला आणि लोकांनी शेवटी पेरणीच्या तोंडावर विकला. सोयाबीनचंही २०२१ च्या पावसाळ्यात दहा हजार दिसलं आणि अजून ते दहा हजार लोकांच्या बोलण्यातून जात नाही.

तर थांबणं म्हणजे गुंतवणूक, असं समजू नका. गंजीतला कापूस थांबला म्हणून वाढत नाही, उलट वाळून वजन घटतं. चांगली कंपनी तुम्ही थांबलात त्या काळात माल विकते, नफा कमावते, त्यातला काही पुन्हा धंद्यात घालते. थांबायला अर्थ येतो तो त्या नफ्यामुळे. भाव पुन्हा वर येईल या आशेनं धरून ठेवलेला खराब शेअर आणि बारा हजारांची वाट बघत ठेवलेला कापूस, दोन्हींची गत मी एकसारखी पाहिली आहे.

मृग_वरुड

अडत भाऊ, हे सौद्याच्या दिवशी पण सांगत जा नं शेतकऱ्याले!

अडत_हिंगणघाट

ताई, सांगतो. पण पेरणी दारात आलेल्या माणसाला थांब म्हणायला माझी जीभ वळत नाही. त्याला त्या दिवशी पैसे हवे असतात.

शकुंतला_मूर्तिजापूर

विषय कापूस आणि शेअरचा निघाला म्हणून थोडं बाजूचं. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही आपली शकुंतला. ब्रिटिश खाजगी कंपनीनं वऱ्हाडातला कापूस मुंबईला आणि पुढे मँचेस्टरला न्यायला ती बांधली. स्वातंत्र्यानंतरही रूळ त्या कंपनीच्याच मालकीचे आणि गाडी चालवणारी रेल्वे त्यांना पैसे देत राहिली. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पणजोबांनी कापूस पिकवला, आणि तो वाहून नेण्यावर लाभांश मिळाला तो दुसऱ्या देशातल्या भागधारकांना. मला हे वाचल्यापासून वाटतं की कास्तकाराच्या घरात मालकीचा थोडा तरी कागद असायला हवा. कापूस आपण पिकवतो तर त्याच्या पुढच्या सुतात, कापडात, वाहतुकीत आपला हिस्सा का नको?

आकडेमोड_अकोला

भावना पटली. पण कापूस पिकवणाऱ्यानं कापड कंपनीचे शेअर घेतले तर दोन्ही पाय एकाच डबक्यात. कापसाच्या घरानं उलट बँक, औषध, रोजच्या वापराच्या वस्तू अशा वेगळ्या धंद्यांत हिस्सा घ्यावा. धुरा भाऊंच्या चार-पाच कंपन्यांत बियाणं-खतवाली किती?

धुरा_घाटंजी

दोन. एक खताची, एक ट्रॅक्टरची. त्यांचाच धंदा मला समजतो म्हणून घेतल्या.

आकडेमोड_अकोला

समजतो हे चांगलंच. पण दुष्काळाच्या वर्षी तुमचं पीक, त्यांची विक्री आणि शेअर तिन्ही एकाच वेळी खाली येतील, आणि त्याच वर्षी तुम्हाला पैशांची गरज असेल. पुढची भर इंडेक्स फंडातच टाका असं मी म्हणेन.

मास्तर_सेलू

या शेवटच्या मुद्द्यावर एक अनुभव.

मार्च २०२०. २३ तारखेला सेन्सेक्स एका दिवसात ३,९०० पेक्षा जास्त अंकांनी पडला आणि सव्वीस हजारांच्या खाली बंद झाला. त्याच आठवड्यात टाळेबंदी. जिनिंग बंद, सीसीआयची (सरकारी कापूस महामंडळाची) खरेदी बंद, आमच्या घरात कापूस तसाच पडून. एरवी मी समजत होतो की एक बाजार पडला तर दुसरा आहे. त्या महिन्यात दोन्ही दारं एकदम लागली. मला शेअर विकावे लागले नाहीत, ते केवळ पोस्टातली मुदत ठेव आणि घरातली ज्वारी-तूर यांच्यामुळे. पुढे जानेवारी २०२१ मध्ये सेन्सेक्सनं पन्नास हजार पाहिले. आमच्याच शाळेतल्या एका सहकाऱ्याला दवाखान्यासाठी एप्रिलमध्येच विकावं लागलं होतं. त्याची निवड माझ्यापेक्षा चांगली होती, अभ्यास जास्त होता. बाजूचे पैसे नव्हते.

तेव्हापासून मला असं ठाम वाटतं की लांबची गुंतवणूक शेअर बाजारात कमी आणि घरात जास्त घडते. घरात आजारपणाचं काय, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आपल्याला लागणारा दवाखाना आहे का, मुलांच्या प्रवेशाचं वर्ष कोणतं, म्हाताऱ्यांचं ऑपरेशन पुढच्या वर्षी होणार की या वर्षी. ज्याला हे माहीत असतं त्याला कधी विकावं लागेल हे आधीच दिसतं. मी कंपन्यांचे वार्षिक अहवाल वाचतो, रात्री जेवणानंतर, आवडीनं. त्यातून धंदा समजतो, माणसाचा बोलण्यातला प्रामाणिकपणाही थोडा समजतो. पण भाव मी वेचणीच्या दिवसांत बघतच नाही. वावरात बाया आलेल्या असतात, मजुरी द्यायची असते, वजनकाटा असतो. त्या कामात असताना जगाचा भाव कळून काही उपयोग नसतो.

आणि धुरा भाऊ, तुमचं ते "पावसाकडे बघत बसणार नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. माझ्या वडिलांनी मला डी.एड. ला याच कारणासाठी पाठवलं होतं. तेव्हा त्यांनी दोन एकर विकलं. गावानं नावं ठेवली. बाबांना सांगताना हेही सांगा की शिक्षणावर घातलेला पैसा हीसुद्धा लांबची गुंतवणूकच आहे.

सातबारा_दारव्हा

मी एक ओळ लिहून गेलो आणि सगळ्यांनी मला अडाणी ठरवलं, म्हणून सविस्तर लिहितो.

वावर फक्त परताव्यासाठी नसतं. वावरावर पीक कर्ज मिळतं. सोयरीक करताना विचारलं जातं. आजारपणात कोणी दारात उभं करून घेत नाही तेव्हा गहाण ठेवायला तेच असतं. शेजारचा तुकडा पुन्हा पन्नास वर्षं विक्रीला येणार नाही, धुरा सरळ होतो, पांदण आपल्या हातात येते. हे आकड्यात बसत नाही. मान्य, आमच्या शिवारात ठोक्यानं दिलं तर वर्षाचे पैसे जमिनीच्या भावाच्या दोन टक्केही भरत नाहीत. विकायचं तर गिऱ्हाईकही शेतकरीच लागतं आणि वेळ लागतो. पण हा जो वेळ लागतो ना, तोच वावराचा गुण आहे. जूनमध्ये मोबाइलवरून एकरभर विकता येत नाही, म्हणून ते टिकतं. धुरा भाऊंची मूळ अडचण तीच आहे नं, मोडायला फार सोपं पडतं?

निवृत्त_पुसद

दारव्हेकरांचा शेवटचा मुद्दा या धाग्यातला सर्वांत नेमका. बँकेतही मी पाहिलं, मुदत ठेव टिकत असे कारण मोडायला अर्ज करावा लागे आणि मॅनेजर कारण विचारत असे.

वर्षा_दर्यापूर

वावराच्या बाजूनं बोलणाऱ्या सगळ्यांना माझा एक प्रश्न. "पोरीच्या कामी येईल" म्हणता. २००५ च्या कायद्यानं मुलीला वडिलोपार्जित जमिनीत मुलाएवढा हक्क दिला. मग दुय्यम निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्रावर सह्या करायला बहिणीच का उभ्या असतात? मी बचत गटाचं काम करते, आमच्या गटातल्या निम्म्या बायांनी ती सही केलेली आहे. भावाशी संबंध तुटू नये म्हणून केली. मुलीसाठी वावर घेत असाल तर मुलीच्या नावावर घ्या आणि ते तिचंच राहील हे आज सर्वांसमोर बोला. नाहीतर बाबांचा तो तुकडा तिच्यापर्यंत पोचणार नाही.

शेअरचंही तसंच. आमच्या गावात एका ताईंचा नवरा अचानक गेला. त्याचं डीमॅट (शेअर ठेवायचं ऑनलाइन खातं) होतं हे घरात कोणाला माहीत नव्हतं. कळलं ते एका जुन्या ईमेलवरून, नॉमिनी भरलेला नव्हता, मग वारस दाखल्यासाठी कोर्ट. ज्यांच्या घरी जुने कागदी शेअर असतील त्यांनी तर लवकर बघावं: सलग सात वर्षं लाभांश घेतला नाही तर शेअर सरकारच्या आयईपीएफ निधीकडे जातात. परत मिळतात, पण अर्ज-कागद खूप. आणि नॉमिनी भरला म्हणजे झालं असंही नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शेअरचा नॉमिनी हा सांभाळणारा, मालकी वारसांचीच. म्हणून नॉमिनीही भरा आणि साधं मृत्युपत्रही करा.

वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या मुली दहा वर्षांच्या आतल्या आहेत त्यांनी सुकन्या खातं उघडून ठेवा. धुरा दादांच्या मुलीचं वय गेलं.

शकुंतला_मूर्तिजापूर

वर्षाताई, हक्कसोडवर वेगळा धागा काढा. मी पहिली प्रतिक्रिया देईन.

पानठेला_आर्णी

म्या पन.

धुरा_घाटंजी

सगळ्यांचे आभार. तीन दिवस रोज रात्री हा धागा वाचतो आहे, बायकोही वाचते आहे. आमचं ठरलं ते लिहितो, चूक दिसली तर सांगा.

या वर्षी कापूस विकला की आधी सोसायटी. मग पेरणी आणि पोळ्यापर्यंतच्या घरखर्चाचे पैसे लिक्विड फंडात, वेगळ्या फोलिओत, आणि त्याच्या लॉगिनमध्ये इंडेक्स फंड दिसणारच नाही अशी सोय. उरलं तर एसटीपी. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या हिवाळ्यात करायचं आहे, ते पैसे या वर्षी पोस्टात. इंडेक्स फंडाचं नवं खातं बायकोच्या नावानं काढतो आहोत. माझ्या खात्यात तिचं नाव नॉमिनी म्हणून कालच भरलं. मोडायचं असेल तर तिचा मोबाइल आणि तिचा ओटीपी लागेल. दारव्हेकर भाऊ, वावराचा तो गुण शेअरला लावायचा हा आमचा प्रयत्न आहे.

तुकड्याचं बाबांशी बोललो. पूर्ण दोन एकर नाही, पण धुऱ्यालगतचा भाग मिळत असेल तर बघू, असं ठरलं, आणि तो घेतला तर मुलीच्या नावावर. बाबा हे ऐकून बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, तलाठ्याकडे मीच येतो.

एक शंका राहिली. एसटीपीत कर कसा लागतो? शेतीच्या उत्पन्नावर कर नाही म्हणून यावरही नाही, असं एक जण म्हणाला.

निवृत्त_पुसद

तो चुकीचं सांगतो आहे. शेतीचं उत्पन्न करमुक्त, पण त्या पैशांतून घेतलेल्या फंडाचा नफा शेतीचा राहत नाही. एसटीपीचा प्रत्येक हप्ता लिक्विड फंडातून बाहेर पडतो तेव्हा ती विक्रीच धरतात. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या लिक्विड फंडाचा नफा तुमच्या इतर उत्पन्नात मिळवून तुमच्या टप्प्यानुसार कर. रक्कम लहान असते, घाबरू नका. इंडेक्स फंड एक वर्षापेक्षा जास्त ठेवून विकला तर वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर कर नाही, वरच्या नफ्यावर साडेबारा टक्के. हा दर २३ जुलै २०२४ पासूनचा. आणि इतर करपात्र उत्पन्न सवलतीच्या मर्यादेवर गेलं तर शेतीचं उत्पन्न कराचा दर ठरवताना मोजलं जातं, म्हणून दोन्ही उत्पन्नांची नोंद ठेवा. कापसाच्या काटापट्ट्या आणि बाजार समितीच्या पावत्या टाकून देऊ नका.

वर्षा_दर्यापूर

आणि वहिनींच्या खात्यातही नॉमिनी भरा, दादा. तिथं तुमचं नाव लागेल.

धुरा_घाटंजी

भरतो ताई. तिचं केवायसी झालं की लगेच.